नस नाही सापडली तर म्हातारीला पाठवून द्यायचं? जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला खुलं पत्र

माननीय जिल्हा आरोग्य अधिकारी आणि माननीय जिल्हा शल्यचिकित्सक यांस,

स.न.वि.वि.

दोघांनाही एकच पत्र लिहिते आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रं एका कार्यालयाकडे, ग्रामीण रुग्णालयं दुसऱ्याकडे, आणि आमची म्हातारी माणसं बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर. जिल्ह्याचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतल्या सिस्टरांना हे पत्र ओळखीचं वाटेल, आणि मला कुणा एका साहेबांना उघडं पाडायचं नाही.

विषय असा. उन्हाळ्याच्या तोंडावर आरोग्य केंद्रांना एक सूचना गेली आहे. तीत एक ओळ आहे: वृद्ध रुग्णास सलाईन देण्यासाठी शीर न मिळाल्यास अन्य मार्गाने द्रव देण्याचा प्रयत्न न करता रुग्णास वरच्या रुग्णालयात संदर्भित करावे. ही ओळ कुठून आली तेही ठाऊक आहे. एका आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून सिस्टरने एका आजोबांना पोटाच्या कातडीखाली सलाईन लावलं होतं. आजोबा दुसऱ्या दिवशी बोलायला लागले, चहा मागितला. घरच्यांची तक्रार नव्हती, डॉक्टरांची नव्हती. पण पाहणीला आलेल्या पथकाने पोटावर सुई पाहिली आणि सिस्टरला लेखी खुलासा मागितला. पाठोपाठ ही ओळ निघाली.

ती ओळ मागे घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र. बाकीच्या मागण्या तिच्याच पोटातल्या आहेत.

मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. नोकरी जवळपास सगळी ग्रामीण रुग्णालयांत गेली. आता गावी राहते, आईजवळ. आई ऐंशीच्या पुढची आहे, तिला विसर पडतो, कधी मला ओळखते तर कधी शाळेतली बाई समजते. मागच्या मे महिन्यात तिचं पाणी पिणं हळूहळू कमी झालं. उलटी नाही, जुलाब नाही, ताप नाही. नुसती कोमेजत गेली. जीभ कोरडी, लघवी चहासारखी, दिवसभर गुंगी. चमच्याने पाजलं तर ठसका लागायचा. आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या पोरींनी जीव तोडून प्रयत्न केला, हे आधी सांगते. दोन्ही हात झाले, मनगटं झाली, पायाचे घोटे झाले. या वयात शिरा दोऱ्यासारख्या होतात, त्यात अंगातलं पाणी आटलेलं. सुई आत जाते, रक्ताचा थेंब दिसतो आणि नस फुटते. "काहून टोचून राह्यली वं पोरी?" असं आई विचारत राहिली. शेवटी त्यातली एक सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, नस भेटूनच नाही राह्यली." आणि चिठ्ठी झाली.

वरच्या रुग्णालयात नस सापडली. रात्री आईने इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, उपटून काढली, चादर रक्ताने भरली. मग तिचे दोन्ही हात गॉजच्या पट्टीने पलंगाच्या दांड्याला बांधले. मी सुद्धा वॉर्डात अशा पट्ट्या बांधलेल्या पाहिल्या आहेत, तेव्हा कुणाला दोष देत नाही. एका सिस्टरच्या वाट्याला अख्खा वॉर्ड असला की दुसरं काय करणार. पण आई घरी आली ती माकडहाडावर जखम घेऊन. पाणी भरून निघालं, जखम भरायला पावसाळा उजाडला.

हेच पाणी तिला गावात, तिच्या खाटेवर देता आलं असतं. पाठीत, खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये सुई लावली असती तर तिचा हातही तिथवर पोचला नसता. विसरणाऱ्या, सुई उपटणाऱ्या माणसांसाठी ती जागा मुद्दाम निवडतात. मग मी स्वतः का लावली नाही, असं कुणीही विचारेल. कारण मी निवृत्त आहे, आणि डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय कुणाच्याही अंगात सुई घालायची नाही हे मी जन्मभर पोरींना शिकवलं. आदेश मागितला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मला पटतं, पण कागदावर कुठे आहे?" त्यांचं बरोबर होतं. कागदावर नव्हतंच. आता कागदावर आलं, ते नको म्हणून आलं.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांना हा प्रकारच नवा वाटेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये चरबीचा सैलसर थर असतो. तिथे सोडलेलं मिठाचं पाणी बारीक रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या हळूहळू शोषून घेतात. इटलीत आर्नाल्डो कांतानी या डॉक्टरांनी १८६५ मध्ये पटकीच्या (कॉलराच्या) रोग्यांना असं पाणी दिलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयांत ही नेहमीची गोष्ट होती. मग दोन कारणांनी मागे पडली. एक, शिरेतल्या प्लास्टिकच्या नळ्या सोप्या झाल्या. दुसरं, काही ठिकाणी मीठ नसलेलं किंवा फार तीव्र द्रावण कातडीखाली भरपूर सोडलं गेलं, रोगी शॉकमध्ये गेले आणि पद्धतीच बदनाम झाली. चुकलं होतं द्रावण. १९८०च्या दशकापासून म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरांनी ती परत काढली. युरोपातल्या एस्पेन या संस्थेने २०१९ मध्ये ज्येष्ठांच्या पोषणाबद्दल आणि पाण्याबद्दल ज्या मार्गदर्शक सूचना छापल्या, त्यांत शिरेच्या जोडीने हा मार्ग दिलेला आहे. म्हणजे आमच्या त्या सिस्टरने काही भलतं केलं नव्हतं.

करायचं असतं ते एवढं. बेंबीपासून किमान ५ सेंटीमीटर सोडून पोटावर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, गळ्याच्या हाडाखाली छातीवर किंवा पाठीवर जागा पाहायची. सूज, जखम, जुना व्रण असलेली जागा सोडायची. हात धुवायचे, कातडी पुसायची आणि स्पिरिट वाळू द्यायचं. घाईत हेच राहतं. कातडीची चिमट धरून २३ किंवा २५ नंबरची स्कॅल्प व्हेन, म्हणजे नळी जोडलेली बारीक सुई, तिरपी घालायची. इथे रक्त यायला नको असतं. आलं तर काढून दुसरीकडे. पारदर्शक पट्टी लावायची, म्हणजे खालची कातडी दिसत राहते. मग नॉर्मल सलाईन मिनिटाला साधारण १ मिली. ज्या सेटमधून २० थेंबांना १ मिली पडतं, त्यावर मिनिटाला २० थेंब. अर्ध्या लिटरची बाटली आठ तासांच्या वर चालते. एका जागेवर २४ तासांत दीड लिटर ही कमाल, दोन जागा मिळून तीन लिटर. आमच्या आजीबाईंना तेवढं लागतही नाही, बहुतेकींना दिवसाला एक लिटर पुष्कळ होतं.

आता ज्या गोष्टीमुळे पाहणीचं पथक दचकलं तिच्याबद्दल. कातडीखाली पाणी सोडलं की तिथे फुगवटा येतो. मऊ, थंडगार, कधी अर्ध्या लिंबाएवढा तर कधी तळहाताएवढा पसरट. शिरेतलं सलाईन आऊट झालं, म्हणजे शिरेबाहेर गेलं, की हात जसा फुगतो, तसाच. प्रत्येक सिस्टरला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं की फुगलं की बंद कर. त्यामुळे बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण इथे फुगणं हेच काम चालू असल्याची खूण आहे, आणि थेंब थांबवले की काही तासांत ते जिरतं. लाल झालं, गरम लागलं, दुखायला लागलं, दगडासारखं कडक झालं किंवा सुईच्या बाजूने पाणी झिरपायला लागलं, तर मात्र सुई काढून जागा बदलायची. एरवीही एक-दोन दिवसांनी बदलायचीच. हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागतो. पथकाने सिस्टरला खुलासा मागण्याआधी तिला तेवढा अर्धा तास दिला असता तर बरं झालं असतं.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी: तुमच्या ओळीने सिस्टरच्या हातातलं तेच कौशल्य काढून घेतलं जे तुम्ही दर महिन्याला तिच्याकडून वापरून घेता. लसीकरणाच्या दिवशी आरोग्य सेविका गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडावर देते ती कातडीखालीच. नऊ महिन्यांच्या बाळाला. गावातल्या मधुमेहाच्या घरात सून सासऱ्याच्या पोटावर इन्सुलिन टोचते, तेही त्याच थरात, आणि तिला कुणी नर्सिंगचा डिप्लोमा विचारत नाही. सलाईनमध्ये प्रमाण जास्त आणि वेळ जास्त, म्हणून देखरेख जास्त लागते, हे मान्य. पण 'प्रयत्नच करू नये' हे कोणत्या आधारावर?

आणि हे विदर्भात बसून लिहावं लागतंय याचं जास्त वाईट वाटतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. त्या बायांनी झोपडीत जाऊन जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांना जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं दिली. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले: नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. पुढे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं ते काम देशभरातल्या आशांकडे आलं. चार-दोन किलोच्या बाळाला गावातली बाई सुई देऊ शकते हे आपल्याच मातीत सिद्ध झालं, आणि आपण तीन-साडेतीन वर्षं शिकलेल्या, नोंदणी झालेल्या परिचारिकेला म्हातारीच्या पोटाला हात लावू नको म्हणतो.

दुसरी तक्रार 'संदर्भित करावे' या दोन शब्दांत काय काय मावतं त्याची. १०८ ला फोन केला तर ती अपघाताला, बाळंतपणाला, सापाला आधी जाणार, जावीच. पाणी कमी पडलेली म्हातारी रांगेत शेवटची. मग गावातली काळीपिवळी नाहीतर कुणाची तरी चारचाकी, डिझेल आपलं. सोबत दोन माणसं, त्यांची मजुरी बुडाली. मेच्या दुपारी पत्र्यासारख्या तापलेल्या गाडीत आटलेल्या माणसाला तास-दीड तास न्यायचं, तेही पाणी द्यायला! पोचल्यावर बाकावर वाट पाहायची. अनोळखी खोली, रात्रभर दिवे, आणि मग भ्रम. म्हाताऱ्या माणसाचं डोकं रुग्णालयात फिरतं, ते पुष्कळदा घरी येईपर्यंत ठिकाणावर येत नाही. काही घरं ही यातायात बघून नेतच नाहीत. वय झालं म्हणतात आणि दार लोटून घेतात. त्यांची नोंद तुमच्या कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

तिसरी जरा बोचरी आहे. गावागावांत कुणीतरी 'डॉक्टर' म्हणवणारा बसलेला आहे. अशक्तपणा आला, बाटली. कापूस वेचून अंग दुखलं, बाटली. लोकही मागतात, कारण बाटली लावली की ताकद आली असं वाटतं. अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. पाच टक्के डेक्स्ट्रोजची असेल तर २५ ग्रॅम साखर. या माणसांना सूचना जात नाही. ते शिरेतून, बिनधास्त, एका तासात बाटली रिकामी करतात. हृदय कमजोर असलेल्या माणसाला तेवढ्यात दम लागू शकतो. नोंदणी झालेल्या सिस्टरने डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू, केसपेपरवर लिहून केलं की मात्र खुलासा. तुमच्या ओळीने म्हातारी माणसं सुरक्षित झाली नाहीत. आरोग्य केंद्राच्या दारातून ती याच माणसाच्या दारात गेली.

चौथी, उन्हाळ्याच्या तयारीबद्दल. दरवर्षी उष्माघात कक्ष होतो, कूलर लागतो, बर्फाची सोय होते, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्याची गरज आहेच, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर गेला की काय होतं ते मला सांगायला नको. पण उष्माघात ही धावपळीची गोष्ट आहे: अंग थंड करा, शिरेतून द्या, वर पाठवा. मी बोलते आहे ती माणसं उन्हात जातच नाहीत. ती टिनाच्या छताखाली खाटेवर पडलेली असतात. लाइट जाते, कूलर बंद पडतो. तहानेची जाणीव वयाने कमी झालेली असते. त्यात ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी चालू असते, ती उन्हाळ्यात कमी करायची का हे कुणी विचारलेलं नसतं. आणि एक गोष्ट जी घरची माणसंही बोलत नाहीत: म्हाताऱ्या बाया मुद्दाम पाणी पीत नाहीत. लघवीला उठवायला कुणाला तरी हाक मारावी लागते, सून शेतात गेलेली असते, म्हणून घसा कोरडा ठेवतात. यांना हेरायला उष्माघात कक्ष उपयोगाचा नाही, आशाची घरभेट उपयोगाची. कातडीची चिमट धरून पाहण्यावर म्हाताऱ्यांत भरवसा ठेवू नका, ती तशीही सैल असते. जीभ, लघवीचा रंग आणि 'आज आजी वेगळंच बोलते आहे' हे घरच्यांचं वाक्य, यांकडे पाहा.

आता तुमच्या बाजूने जे म्हणता येईल तेही मांडते, नाहीतर हे पत्र एकांगी होईल.

ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. शॉकमध्ये असलेला रोगी, हगवणीने गळून गेलेला, उष्माघाताचा, ज्याला तासाभरात भरपूर पाणी द्यायला हवं असा, यांना शिरेशिवाय पर्याय नाही. तिथे एक मिनिटही पोटाच्या सुईवर घालवू नये, आणि तिथे तुमची 'वर पाठवा' ही सूचना अगदी रास्त आहे. पायावर सूज असलेला हृदयरोगी, किडनी निकामी झालेला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेला किंवा रक्त न गोठणारा रोगी, यांनाही सरसकट लावू नये. तोंडाने जातंय तोवर कुठलीच सुई नको. ओआरएसची एक पुडी एका लिटर पाण्यात, चमच्या-चमच्याने, दिवसभर. ताक, आंबील, वरणाचं पाणी, पन्हं. आधी हे.

बाटलीवर 'शिरेवाटे देण्यासाठी' असं छापलेलं असतं, हाही तुमचा मुद्दा असेल. खरं आहे. म्हणूनच डॉक्टरांचा लेखी आदेश आणि जिल्ह्याची लेखी कार्यपद्धती हवी. छापील ओळीपलीकडचा वापर डॉक्टर जबाबदारीने करतात, तेव्हा तो लिहून करतात. लिहायला मनाई केल्यावर जबाबदारी कुठे राहणार?

आणि मरणाच्या दारातल्या माणसाबद्दल. पद्धत परत आली म्हणून प्रत्येक शेवटच्या दिवसांतल्या रोग्याला बाटली टांगायची, हे मला मुळीच नको आहे. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये वाढलेल्या कर्करोगाच्या १२९ रुग्णांवर असाच अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला. काहींना रोज एक लिटर, काहींना नावापुरतं १०० मिली. त्रासात किंवा आयुष्यात ठळक फरक पडला नाही. शेवटी तहान तोंडाला असते. ओल्या कापसाने ओठ पुसणं, तोंड स्वच्छ ठेवणं, जीभेवर पाण्याचे थेंब, हे खरं नर्सिंग. कुठे द्यायचं आणि कुठे थांबायचं हे कळण्यासाठीच प्रशिक्षण मागते आहे.

राहिला संसर्गाचा प्रश्न. सुई कुठेही घातली तरी संसर्ग होऊ शकतो. पण शिरेत घातलेल्या नळीचा जंतू थेट रक्तात जातो, कातडीखालचा बहुधा जागेवरच लाल होऊन दिसतो. बाटली संपली तर नळीत रक्त चढून गोठत नाही. रात्री लाइट गेली, सिस्टर घरी गेली, तर सुनेने नळीवरचं चाक फिरवून सलाईन बंद केलं तरी चालतं, सकाळी परत चालू करता येतं. खेड्यातल्या घरासाठी यापेक्षा सोसणारी सुई मला माहीत नाही.

मागण्या अशा आहेत.

सूचनेतली ती ओळ रद्द करावी आणि ज्या सिस्टरला खुलासा मागितला तिच्या सेवापुस्तकात त्याचा डाग राहू नये. हे आधी. त्या पोरीकडे बघून बाकीच्या घाबरल्या आहेत आणि घाबरलेल्या सिस्टरकडून नवीन काही होत नाही.

मग एक पानाची कार्यपद्धती, मराठीत. मोठं पुस्तक नको, ते कपाटात जातं. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, जागा कोणत्या, द्रावण कोणतं, थेंब किती, किती तासांनी बघायचं, काय दिसलं की काढायचं, केव्हा वर पाठवायचं. डॉक्टरांच्या सहीची जागा. औषध निर्माण अधिकाऱ्यांनाही एक प्रत, कारण द्रावणाच्या बाबतीत चूक व्हायला नको. साखरेची १० किंवा २५ टक्क्यांची बाटली कातडीखाली गेली तर अनर्थ.

प्रशिक्षण जिल्ह्यातच द्यावं, आरोग्य केंद्राच्या सिस्टर, आरोग्य सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांना एकत्र बसवून. वेगवेगळं दिलं की डॉक्टर म्हणतात सिस्टरला येत नाही आणि सिस्टर म्हणते डॉक्टर लिहीत नाहीत. सेवाग्राम, नागपूर जवळ आहेत. शिकवणारी माणसं मागवायला मुंबई-पुण्याकडे बघायची गरज नाही.

सामानाला फार पैसे लागत नाहीत. लहान मुलांसाठी येणारी स्कॅल्प व्हेन भांडारात असतेच. पारदर्शक पट्ट्या मात्र आरोग्य केंद्रात पोचत नाहीत, त्या द्याव्यात.

आणि घरभेट. उपकेंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव दिलं, भिंती रंगवल्या, आणि भिंतीवर बारा सेवांची यादी लिहिली. त्या बारांत ज्येष्ठांची काळजी आणि उपशामक काळजी, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रोग्याचा त्रास कमी करणारी काळजी, आहे. केरळने २००८ मध्ये उपशामक काळजीचं धोरण केलं, तिथे पंचायतींच्या परिचारिका घरोघरी जातात. आमच्याकडे भिंतीवरचा रंग गेला की यादीही जाईल. एका तालुक्यात तरी या उन्हाळ्यात करून बघा: अंथरुणाला खिळलेल्यांची आशाकडून यादी, मार्च ते जून आठवड्याला एक भेट, आणि गरज पडली तर कातडीखालचं सलाईन घरी. किती जणांना लावलं, किती जणांची जागा लाल झाली, किती जणांना तरीही पाठवावं लागलं, सगळं लिहा. पावसाळ्यात ते आकडे सगळ्यांसमोर ठेवा. पद्धत वाईट निघाली तर मी स्वतः मान्य करीन. फक्त उद्दिष्ट ठरवून देऊ नका. महिन्याला इतक्या सुया असं टार्गेट आलं की ज्यांना चमच्याने पाजता येतं त्यांनाही टोचतील.

उत्तर लेखी मिळावं, आणि एप्रिल उजाडायच्या आत मिळावं. प्रशिक्षणाला बोलावलंत तर मी स्वखर्चाने येईन, मानधन नको. दुपारी बारा ते चार मात्र ठेवू नका. त्या उन्हात एसटीत बसायचं माझं वय राहिलेलं नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका

प्रत माहितीसाठी: जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीचे सर्व सदस्य, तालुका आरोग्य अधिकारी, आणि खुलासा लिहिणारी ती सिस्टर.